उजवा कान

२६ ऑक्टोबर, रविवार

रश्मीशी भांडले आज. भर लालबागच्या मसाला गल्लीत! चहूकडे लोक शिंकतायत आणि आम्ही दोघी पिशव्या धरून एकमेकींवर ओरडतोय.

तिने खरं तर साधं सांगितलं होतं. तिच्या अप्पांना भाऊ गावी नेतोय, ३० नोव्हेंबरला, कायमचं. मला वाईट वाटलं. वाटणारच – तिचे अप्पा म्हणजे रामदास बुवा, आणि त्यांच्या भजनात बाबांनी बावीस वर्षं पखवाज वाजवलाय. मी म्हटलं, जायच्या आधी एकदा आमच्याकडे घेऊन ये ना, दोघं म्हातारे झाले, अजून किती वर्षं तोंड फिरवून बसणार? तर म्हणते, "नाही येणार गं ते. ते अजून म्हणतात, त्या दिवशी गुणाजीचा हात चुकला आणि एका शब्दाने त्याने कबूल केलं नाही."

अजून! एकोणीस वर्षं झाली!

माझं डोकं फिरलं. बोलून बसले – "रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे! कोणाचा हात चुकला ते मी ऐकवते त्यांना. २३ तारखेला घेऊन ये."

रेकॉर्डिंग आहे हे खरं. वाजतं की नाही कोणाला माहीत. माझी घाई एक दिवस मला बुडवणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

झोप लागली नाही नीट. लिहूनच काढते, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल.

२००६. माघी गणपतीची डबलबारी, इथेच डिलाईल रोडच्या मैदानात. दोन बुवा समोरासमोर, आळीपाळीने गाणार, सवाल-जवाब करणार आणि शेवटी आपापला गजर. गजरात लय चढत जाते, चढत जाते, आणि तेव्हा सगळे एकाच माणसाच्या हातावर चालतात – पखवाजवाल्याच्या. झांजा त्याच्या मागे, कोरस त्याच्या मागे, बुवासुद्धा त्याच्या मागे. बाबा सांगायचे, "पखवाज कोणाच्या मागे जाणा नाय." बाकी कोणी चुकला तरी पखवाजाने जागा सोडायची नाही, हा नियमच.

त्या दिवशी ऐन रंगात लय फुटली. थांबावं लागलं! समोरची पार्टी हसली. बुवांनी पेटीवरून मान वळवली आणि चालू माईकवर बोलले – "गुणाजी, हात आवर." सगळं मैदान हसलं. बाबा घरी आले, पखवाजाला खोळ घातली, भिंतीला टांगला. तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या वर्षी बुवांचं बोलावणं आलं नाही आणि बाबाही गेले नाहीत.

मी होते तिथे. अकरा वर्षांची, मागे कोरसात, पहिल्यांदाच झांजा घेऊन. पण आठवायला गेलं की दोनच गोष्टी आठवतात – झांजांचे लाल गोंडे आणि बुवांची वळलेली मान. झांजा बाबांनी खास माझ्यासाठी आणल्या होत्या, लहान हाताच्या. आदल्या दिवशी त्यातली एक मी जिन्यावर आपटली. कडेला चीर गेली, वाजवली की मागून झर्र यायचं. आईने पाठीत धपाटा घातला होता. पुढे त्या झांजांचं काय झालं, कोण जाणे.

ऑफिसात मी दिवसभर करते काय? रेकॉर्ड केलेले कॉल ऐकते आणि चूक कोणाची ते लिहिते – गिऱ्हाइकाची की आमच्या पोरांची. मिनिट-सेकंद टाकून! सात वर्षं हेच काम. माझ्या निकालावर लोकांची बढती अडते. मग स्वतःच्या बापाचा निकाल लावता येऊ नये?

२९ ऑक्टोबर, बुधवार

सीडी मिळाली! पखवाजाच्या खोळीच्या खिशात. बाबा खाली पेपर वाचायला गेले होते, मी खुर्चीवर चढून काढली. त्या वेळी साउंडवाल्याने प्रत्येक मंडळाला एकेक काढून दिली होती, वर निळ्या पेनने फक्त तारीख.

आई स्वयंपाकघरातून बघत होती. "ता कित्याक काढतंस?"

मी म्हटलं, ऐकायला.

"त्या रातीचा तुका काय आठवता? न्हान होतंस तू. ठेय थय."

ठेवली नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराकडे एक बाहेरून लावायचा ड्राइव्ह आहे. त्यात घातली. दहा मिनिटं घरघर करून थुंकल्यासारखी बाहेर टाकली. "मॅडम, ही गेली. उडालीय आतून."

घरी येऊन माळ्यावरचा माझा जुना सीडी प्लेअर काढला. आठवीत असताना मामाने दुबईहून आणलेला, थाळीएवढा गोल, चालताना हातात घेऊन ऐकायचा. सेल घातले – आणि फिरली! ड्राइव्हने नाकारलेली सीडी या म्हाताऱ्याने वाचली!

पण आवाज! डाव्या कानात बुवा, लांबून, घशात कापूस घातल्यासारखे. पखवाजाची नुसती टकटक, जाड बाजूचं घुमणं मुळीच नाही. आणि उजवा कान मेलेला. वायर पिरगळली की सेकंदभर येतो आणि जातो. यावर बुवांना काय ऐकवणार, डोंबल?

१ नोव्हेंबर, शनिवार

लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरले. चारही जण हसले. "फेक दो मॅडम, ब्लूटूथवाला ले लो." पाचवा जरा वयस्क होता. त्याने गिरगावातला एक पत्ता दिला – गंगाधर काका, रेडिओ दुरुस्तीवाले.

दुकान कसलं, जिन्याखालची फळी. काकांनी डोळ्याला भिंग लावून प्लेअर पाहिला, आणि मग माझ्या जीवात जीव आला. म्हणाले, "चांगला आहे हा. याची नजर चांगली आहे, म्हणून खराब तबकडी वाचतो. बिचाऱ्याचा गळा तेवढा बसलाय." बाहेर आवाज पाठवणारे दोन बारके कपॅसिटर असतात, डाव्या कानाचा एक, उजव्याचा एक. ते सुकले की जाड आवाज आधी मरतो. ते बदलायचे, जरा मोठे घालायचे. हेडफोनच्या खाचेचं सोल्डर तडकलंय, ते पुन्हा करायचं. "हौशी लोक मुद्दाम करतात हे. नव्यापेक्षा गोड वाजतो."

मी म्हटलं, मग करून द्या! त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. थरथरत होते. "तोंडाने सांगीन. हात तुझे."

मी आयुष्यात साधा फ्यूज बदललेला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

उघडला. चार स्क्रू खालून, दोन सेलच्या खाचेत लपलेले. ते दोन मला माहीत नव्हते, मी आपली झाकण ओढतेय! कट्ट झालं आणि दिसलं – आत कागदाएवढी पातळ पट्टी, झाकणाबरोबर ताणली गेलेली. काकांनी बजावलं होतं, ती पट्टी फाटली की खेळ खलास. फाटली नाही. कडेला एक सुरकुती पडलीय फक्त.

तेवढ्यात बाबा आले. आधी प्लेअर पाहिला, मग सीडी. सीडी त्यांनी ओळखली.

"खंय गावली?"

सगळं सांगून टाकलं – रश्मी, बुवा, २३ तारीख. म्हटलं, बाबा, तुमचं नाव साफ करणार मी. मला वाटलं, हसतील तरी. बाबा खाटेवर बसले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "बुवाक बोलवलंस? कित्याक गो? झाला ता झाला." मग उठता उठता, "ता वाजव नको, अनू."

कशाला घाबरतात एवढे?

४ नोव्हेंबर, मंगळवार

काकांनी सरावाला एक मेलेला रेडिओ दिलाय. सात जोड केले, सातही हलतात. बोट भाजलं. आईचा पोळपाट उलटा करून त्यावर काम करत होते, त्यालाही काळा डाग पडला. घरात महायुद्ध.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काका फोनवर – "तू इस्त्री फार लवकर उचलतेस. सोल्डर पातळ होऊन चमकेपर्यंत थांब. चिकटवायचं नाहीये, वितळवायचं आहे." इस्त्री म्हणजे सोल्डरची. सगळ्यांना माझ्याबद्दल एकच तक्रार – घाई! शाळेत बाई हेच, ऑफिसात साहेब हेच, आई तर उठताबसता.

८ नोव्हेंबर, शनिवार

वाट लागली.

डाव्या कानाचा कपॅसिटर सुरेख निघाला. नुसती फुशारले मी! उजव्याचा एक पाय सुटला, दुसरा सुटेना. पुन्हा तापवायला हवा होता. मी पकडीने ओढला. आला – आणि त्याच्याबरोबर खालच्या हिरव्या पाटीवरचं तांबंही उचलून आलं. ज्याच्यावर सोल्डर करायचं ती जागाच गेली!

अर्धा तास नुसती बघत बसले. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट मी एका मिनिटात मोडली. रडले, लिहायला लाज कसली.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला काकांच्या दारात. त्यांनी भिंगातून पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होते. म्हणाले, "रस्ता गेला तर पूल बांधायचा." जिथे तांबं उरलंय तिथलं हिरवं हलकेच खरवडायचं, आणि तिथून कपॅसिटरच्या पायापर्यंत केसाएवढी तार. "घाई केलीस तर दुसरी जागाही जाईल. तिसरी नाहीये."

घरी आले तर सीडी जागेवर नाही! खण, गादी, पिशव्या – कुठेच नाही. आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे. बाबांनी शर्टाच्या आतून काढली. पोटाशी लावून बसले होते!

मग मी नको ते बोलले. सगळं लिहिते, कारण विसरायला नको. मी म्हटलं, "तुम्ही घाबरट आहात. तुमचाच हात चुकला होता आणि तो आता ऐकू येईल म्हणून लपवताय. तसं असेल तर सांगून टाका, मी बुवांना येऊ नका म्हणते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यानेच मला जास्त लागलं. "होय," म्हणाले, "माझोच हात चुकलो. सांग तसा." आणि सीडी माझ्या हातात दिली.

जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाहीये.

मला हे पटत नाही. आळीतला कुठलाही म्हातारा सांगेल, गुणाजीचा हात म्हणजे घड्याळ. खरं बोलत होते की मला गप्प करायला? सात वर्षं आवाज ऐकून खोटं ओळखते मी – बापाचं ओळखता येईना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रश्मीचा मेसेज. "अप्पा येतायत. २३ ला चार वाजता. म्हणालेत – गुणाजीचा हात चुकला नसेल तर मी त्याच्या दारात माफी मागेन. चुकला असेल तर त्याने मागायची. अनू, तू नक्की ना?"

हो लिहून पाठवलं. नक्की काही नाही. प्लेअर वाजत नाही, सीडी उडत चाललीय, बाबा म्हणतात माझाच हात. हात जोडून बुवांची माफी मागणारे बाबा – या खोलीत, माझ्यासमोर, मी बोलावून! ते मला बघवणार नाही.

नको म्हणून कळवू का? अजून वेळ आहे. पण मग बुवा गावी जाणार तेच वाक्य घेऊन, आणि बाबांच्या नावावर ते कायमचं राहणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज तार लावली. केसाएवढी म्हणजे खरंच केसाएवढी. दोन तास! नवे कपॅसिटर जुन्यापेक्षा उंच, म्हणून आडवे झोपवले. झाकण आता लागत नाही, आणि झाकण लागल्याशिवाय सीडी फिरत नाही. खाचेत काडेपेटीची काडी खुपसली, त्याला वाटतं झाकण बंद आहे. वरून रबर. दिसायला अगदी प्लास्टर घातलेला पेशंट.

ती सीडी घालायची हिंमत नव्हती. 'फाडफाड इंग्लिश बोला'ची एक जुनी सीडी होती, ती लावली. डाव्या कानात बाई "हाऊ डू यू डू" म्हणाल्या – भरदार, स्वच्छ, खोलीत उभ्या असल्यासारख्या! मी ओरडलेच. उजव्या कानात त्याच बाई फर्रफर्र करून घुसमटून गेल्या.

काकांना फोन. पहिलाच प्रश्न – "लांब पाय अधिकचा, आखूड उणेचा. पाहून लावलास ना?"

लावायच्या आधी मी दोन्ही पाय सारखे कापले होते. नीटनेटके दिसावेत म्हणून!

"अंगावर पांढरी पट्टी असते, ती उण्याची बाजू. उलटा लागलाय तुझा. काढ आणि नवा लाव."

पुन्हा काढायचा. त्याच जागेवरून, त्याच केसाच्या तारेवरून.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी बसले. टॉर्च तोंडात धरलेली, एका हातात इस्त्री, एका हातात चिमटा. तीनदा जवळ नेली, तीनदा मागे घेतली. बाबा खाटेवरून बघत होते – आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोललेत. उठले. माझ्या तोंडातली टॉर्च काढून घेतली आणि समोर बसून उजेड धरला.

"लाव," म्हणाले.

मी टेकवली आणि सवयीने लगेच उचलायला गेले. "थांब! घाई कित्याक? मी मोजतंय." आणि गुडघ्यावर बोट टेकवत मोजायला लागले, अगदी हळू, भजनाच्या सुरुवातीच्या लयीत. एक, दोन, तीन, चार. "आता बघ, पाणी झाला. ओढ नको. उचल." कपॅसिटर अलगद सुटला. तार जागेवर!

नवा लावताना पण तसंच. प्रत्येक जोडाला त्यांचे चार. माझा हात त्यांच्या मोजण्यावर चालला आणि अजिबात हलला नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली आपटली, मी दचकले, बाबांचं बोट दचकलं नाही.

हा हात चुकेल? मी देवाशप्पथ सांगते, हा हात चुकणारा नाही.

मी विचारलं, बाबा, वाजू नये असं वाटतं ना तुम्हाला? मग मदत का केली?

"तुझो हात भाजत होतो," म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

"हाऊ डू यू डू" – दोन्ही कानांत!!

१९ नोव्हेंबर, बुधवार

मूळ सीडी लावली. पहिल्या अभंगातच अडखळली. कट-कट-कट, मग गप्प. बाहेर काढून उजेडात धरली तर कडेने पिवळट झालीय, तेवढ्या भागातून पलीकडचं दिसतं. काका म्हणतात, तबकडी तापली की वाचणं अवघड होतं, गार ठिकाणी ठेव, कमीत कमी वाजव. "तीन-चार वेळा चालेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

म्हणजे तालीम नाही. एकदा ऐकायची, त्याच वेळी फोनवर उतरवून घ्यायची, आणि रविवारी बुवांसमोर. माठाशेजारी ठेवलीय. आई म्हणते, आता तिला भाताबिताचा नैवेद्य दाखव. बोलली एकदाची!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रश्मीने ऑफिसखाली तिचे दोन छोटे स्पीकर आणून दिले. हेडफोनची वायर एकट्याच्या कानात जाते, आणि बुवांना आणि बाबांना एकदमच ऐकू यायला हवं. रश्मी म्हणाली, "अप्पा दोन दिवसांपासून नवीन धोतर कपाटातून काढून ठेवून बसलेत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही भीती वाटते. तिचा बाप हरणार की माझा, एवढंच ठरायचंय.

बसायची जागा ठरवली. डावा स्पीकर पखवाजाच्या भिंतीशी, कारण पखवाजाचा माईक डावीकडे होता. बुवांची खुर्ची त्याच्या अगदी जवळ. बाबांचा हात त्यांना नीट ऐकू दे! उजवा स्पीकर दाराकडे. तिकडे कोरस आणि झांजा, त्याचं काही विशेष नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लावली. अडखळली नाही!

काय सांगू! पहिल्यांदा पखवाजाची जाड बाजू – घुम्म! कणीक लावलेली ती बाजू मी लहानपणी पोटात ऐकायची, कानात नाही. ती तशीच, पोटात. वर बुवांचा आवाज, तरुण, धारदार. उजवीकडून झांजांची झिमझिम, मागे पोरांचा कोरस, मध्येच कोणीतरी खोकतंय. सगळं वेगवेगळं! आधी नुसता चिखल होता, आता प्रत्येक माणूस आपापल्या जागी बसलाय. हे मी केलं! या हातांनी!

आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, पदराने तोंड झाकून. बाबांनी डोळे मिटले होते, अंगठा गुडघ्यावर चालू. पहिला अभंग, दुसरा, गवळण. मी तर ठरवून टाकलं, बुवांना गजरापर्यंत जायची गरजच पडणार नाही, यातच वितळतील.

गजर सुरू होणार तेवढ्यात बाबांनी हात पुढे करून प्लेअर बंद केला. "बास. तापली असात." तबकडी खरंच कोमट झाली होती. "उद्या बुवा इल्यावरच लाव." मग कधी नव्हे ते माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ग्वाड वाजता गो. बरा केलंस."

बुवांसमोर पहिल्यांदा? छे! मी न ऐकता कुठलाही कॉल साहेबांपुढे ठेवत नाही. सकाळी बाबा देवळात जातील तेव्हा ऐकून मिनिट-सेकंद लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौतीस मिनिटं बारा सेकंद. उजवी बाजू. टिंग – झर्र.

तीन वेळा ऐकलं, फोनवर उतरवलेलं. मागून झर्र येणारी एकच झांज होती त्या मंडळात. ती पुढे पळतेय. बाकीच्या झांजा जागेवर, पखवाज जागेवर, आणि ती एकटी, घाईघाईने, पुढे. चार मात्रा बाबा हलत नाहीत. मग पखवाज आपली जागा सोडतो आणि तिच्या मागे जातो. तिला सांभाळायला. आणि लय फुटते.

मी घाबरट म्हटलं यांना.

बाबा देवळातून आले, माझं तोंड पाहिलं आणि समजले. "पोर पुढे गेला. एकट्याक सोडूचा कसा?" एवढंच. मग म्हणाले, "ता पुस. बुवाक माझो हात सांगू."

पुसलं नाही. पावणेचार झालेत. बुवांची खुर्ची उचलून उजव्या स्पीकरजवळ ठेवलीय.